चार मुले, चार गॉब्लिन आणि एक पट : व्हर्च्युअल टेबलटॉपचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजता मी चार मुलांना घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. यात प्रत्येक मूल एका काल्पनिक पात्राची भूमिका घेते, मी गोष्ट सांगते आणि शत्रू चालवते, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. माझा मुलगा आणि शेजारचा दहा वर्षांचा मुलगा पुण्यात, बहिणीची मुलगी नाशिकला आणि भावाचा मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे एका टेबलाभोवती बसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यामुळेच एका खेळात मी आई, काकू, मावशी आणि आत्या अशा चारही हाकांना ओ देते. यासाठी व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा सामायिक पट, लागतो. रोल२० हा २०१२ पासून आहे, फाउंड्री २०२० मध्ये आला आणि तो एकदाच पैसे भरून घेता येतो. असे आणखीही पर्याय आहेत. मी निवडलेल्या सेवेचे नाव येथे देत नाही, कारण हा अभिप्राय मुख्यतः त्या पटावर मुलांची लढाई कशी चालते याविषयी आहे. गप्पा, कोडी, गावातल्या माणसांशी घासाघीस हे सारे साध्या व्हिडिओ कॉलवरही छान होते. पटाची खरी परीक्षा लढाईतच लागते.

पहिल्या शनिवारी चार मुलांविरुद्ध चार गॉब्लिन, म्हणजे गोष्टीतले खुजे राक्षस, अशी लढाई झाली आणि ती पाच फेऱ्या चालली. नियमानुसार एक फेरी खेळातल्या सहा सेकंदांची असते, म्हणजे तिथल्या अर्ध्या मिनिटाला आमची शंभर मिनिटे लागली. मी आठही सोंगट्यांचा पाळीचा क्रम वेगवेगळा लावला होता, प्रत्येक गॉब्लिनसाठी वेगळे फासे टाकत होते, आणि तेवढ्या वेळात शेजारचा मुलगा दोनदा पाणी पिऊन आला. त्याची पाळी आली तेव्हा ‘काकू, आता काय चाललंय?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता. त्याने फासा टाकला, सहा पडले, वार हुकला आणि तो पुन्हा बारा मिनिटे वाट पाहत बसला.

त्या रात्री मी गणित मांडले. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचा बचावाचा आकडा, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावी लागणारी बेरीज, १५ आहे, आणि पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, पात्राला वारासाठी वीस बाजूंच्या फाशावर साधारण ५ मिळवता येतात. म्हणजे दहा किंवा अधिक पडले तरच वार लागतो. शंभरातले ५५ वार लागतात आणि ४५ हुकतात. लागोपाठ दोन वार हुकण्याची शक्यता पाचात एक निघते. मोठ्या माणसाला हे चालते, पण पंचवीस मिनिटांत दोनच पाळ्या मिळालेल्या आणि दोन्ही फुकट गेलेल्या मुलाला नाही. उपाय नियमांच्या आतच सापडला : त्या १५ मधले २ ढालीचे आहेत. मी गॉब्लिनच्या हातातली ढाल काढून घेतली, आकडा १३ झाला, शंभरात ६५ वार लागू लागले आणि सलग दोनदा हुकण्याची वेळ आठांपैकी एकावर आली. एकसारख्या शत्रूंच्या टोळीसाठी पाळीचा क्रम ठरवणारा फासा एकदाच टाकावा आणि त्यांच्या वाराचे नुकसान दर वेळी फासा न टाकता ठरलेल्या सरासरीने, गॉब्लिनच्या बाबतीत ५, धरावे, याची सोय मूळ नियमांतच आहे. मी ते घाईत वाचले होते, इतकेच. शिवाय निम्मी टोळी पडली की उरलेले गॉब्लिन आता पळ काढतात, त्यामुळे निकाल दिसत असूनही रेंगाळणाऱ्या शेवटच्या दोन फेऱ्या वाचतात. तेवढ्याच आकाराची लढाई हल्ली अर्ध्या-पाऊण तासात संपते.

पटाच्या सोयींपैकी सर्वांत उपयोगी ठरली ती दिसायला सर्वांत साधी : कोपऱ्यातली पाळीची यादी. पुढे कोण आहे हे प्रत्येकाला दिसते, आणि ‘आता चेटकीण, तिच्यानंतर धनुर्धर, तयार राहा’ एवढे मी मोठ्याने म्हणते. यादी दिसत असली तरी हे म्हणावेच लागते, हे मला तिसऱ्या महिन्यात कळले. मुले यादीकडे बघत नाहीत, स्वतःच्या सोंगटीकडे बघतात. याच्या जोडीला मी पाळीचा एक कागद मराठीत तयार केला. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम असलेला दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे श्रेय देऊन असे भाषांतर करायला हरकत नाही. ‘हालचाल, कृती, छोटी कृती, प्रतिक्रिया’ असे चार रकाने, आणि हालचालीत फुटांऐवजी घरे. पटाचे एक घर पाच फुटांचे असते; ‘तीस फूट’ म्हटल्यावर मुले थबकतात, ‘सहा घरे’ म्हटल्यावर बोट लगेच मोजू लागते. पत्ते खेळावेत तसे मुलांनी त्या कागदाचे तुकडे केले आणि वापरलेला तुकडा ती उलटा ठेवतात. ही कल्पना माझी नव्हे, भाचीची.

दुसरी निर्विवाद सोय म्हणजे जादूचा आकार पटावर आखण्याचे साधन. भाचीच्या चेटकिणीच्या हातांतून पंधरा फूट लांबीची ज्वाला शंकूच्या आकारात निघते. पहिल्यांदा तिने ती सोडली तेव्हा शेजारच्या मुलाचा योद्धा त्यात सापडला की नाही यावरून जुंपली. ‘मी बाजूच्या घरात होतो!’ असे तो म्हणत होता, आणि मी कोणताही निकाल दिला असता तरी तो पक्षपातीच वाटला असता. लाल शंकू आखला, त्याचे अर्धे घर त्यात होते, आणि वाद तिथेच मिटला. आता ज्वाला सोडण्याआधी भाची शंकू चार दिशांना फिरवून पाहते आणि बाकीचे ‘थांब, मी सरकतो’ म्हणून ओरडतात.

ज्या सोयीवर मी सर्वाधिक भिस्त ठेवली होती तिने मात्र निराशा केली. एका टिचकीत वाराचा फासा, बेरीज आणि नुकसान सारे आपोआप होते, आणि वेळ वाचेल म्हणून मी ते पहिल्याच दिवशी सुरू केले होते. ऑगस्टमधल्या एका शनिवारी भाचीला वीस पडले, दुप्पट फाशांचे नुकसान झाले, गॉब्लिन नाहीसा झाला, आणि तिला ते कळलेच नाही. बाजूच्या पट्टीत एक हिरवी ओळ आली आणि वर सरकून गेली. तेव्हापासून आपोआप होणारी बेरीज बंद आहे. मूल फासा टाकते, आकडा मोठ्याने वाचते, स्वतः पाच मिळवते आणि ‘एकोणीस, लागला का?’ असे विचारते. यात प्रत्येक पाळीला दहा सेकंद जास्त जातात, पण ते दहा सेकंद चौघेही ऐकत असतात. पुढे दोघांनी खरे फासेच आणले आणि कॅमेऱ्यासमोर टाकू लागले. एकदा भाच्याचा फासा ‘कॅमेऱ्याबाहेर’ सलग तीनदा अठराच्या वर पडला. तेव्हापासून दान ताटलीत पडले तरच धरायचे, असे मुलांनीच ठरवले.

पैसे भरून घेतलेली प्रकाश-अंधाराची सोय मी दोन महिन्यांत सोडली. अंधारातून शत्रू प्रकट होतो हे दृश्य सुंदर असते, पण शेजारच्या मुलाच्या जुन्या टॅबलेटवर नकाशा उघडायलाच तीन-चार मिनिटे लागत, आणि त्याला सर्वांत शेवटी सारे दिसे. टॅबलेटवर सोंगटी ओढताना ती बोटाखालून हमखास एक घर चुकीची पडते, आणि ते घर गॉब्लिनपासून दूर जाणारे असेल तर गॉब्लिनला फुकटचा वार मिळतो. म्हणून आमच्याकडे मूल ‘ठेवली’ म्हणेपर्यंत चाल धरत नाहीत. हात लावलेला मोहरा हलवलाच पाहिजे या बुद्धिबळातल्या शिस्तीच्या नेमके उलट. ही अडचण अजून सुटलेली नाही.

पात्राचा जीव शून्यावर आल्यावर काय करावे, हे कोणत्याही पटाला सांगता येत नाही. नियमानुसार बेशुद्ध पात्राने दर पाळीला एक फासा टाकायचा. दहा किंवा अधिक तीनदा पडले तर ते सावरते, दहाच्या खाली तीनदा पडले तर मरते. सप्टेंबरमध्ये शेजारच्या मुलाचा योद्धा पडला, त्याने कॅमेरा बंद केला आणि हाक मारली तरी बोलेना. पुढच्या शनिवारपासून असे ठरले की ज्याची सोंगटी आडवी, त्याने गॉब्लिनचे फासे टाकायचे. तो पुन्हा पडला तेव्हा माझ्या मुलावर त्याने गॉब्लिनच्या वतीने एकोणीस टाकले आणि इतका आनंदला की शुद्धीवर यायला तयार होईना.

खाती पालकांच्या ईमेलवर आहेत, खेळाच्या ऑनलाइन खोलीत निमंत्रणाशिवाय येता येत नाही, आणि खासगी कुजबुजीची सोय मी बंद केली आहे, कारण भाचा आणि माझा मुलगा तिथे माझ्याच डावपेचांचे अंदाज बांधत होते. परदेशात मूल असेल त्यांच्यासाठी एक सूचना : नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे मागे जातात. आमचे साडेसहा म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ होते ते आठ झाले, आणि भाचा नेहमीप्रमाणे नऊला उगवला तेव्हा त्याचा धनुर्धर तासभर पटावर पुतळ्यासारखा उभा होता.

आता पात्रे पाचव्या पातळीला पोहोचत आहेत आणि भाचीला आगीचा गोळा मिळणार आहे : वीस फूट त्रिज्या, सहा बाजूंचे आठ फासे. पटावर ते एका टिचकीत पडतील, हे मी तिला सांगून पाहिले. तिने नकार दिला आहे, आणि सध्या ती नाशिकच्या घरातले ल्युडो आणि सापशिडीचे डबे धुंडाळत आहे. काल सहा फासे जमले होते.