भूजल मॉडेल शिकायचं: माऊसने की स्क्रिप्टने?

मॉडफ्लो, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा प्रवाह गणिताने मांडणारा प्रोग्राम, शिकायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे चित्रांचा प्रोग्राम उघडायचा आणि जलधराचे थर, नदी, विहिरी माऊसने रेखाटायच्या. दुसरी म्हणजे पायथनमध्ये फ्लोपाय (मॉडफ्लोच्या फाइल लिहिणारी लायब्ररी) घेऊन तेच सगळं लिहून काढायचं. आतलं गणित दोन्हीकडे तेच. मॉडफ्लोला फाइल कोणी तयार केली याच्याशी घेणंदेणं नसतं. मी पहिलं दीड वर्ष माऊसने काम केलं, मग स्क्रिप्टकडे वळलो. डार्सीचा नियम, हेड (पाण्याच्या पातळीची उंची), कंडक्टिव्हिटी (थर पाणी किती सहज वाहू देतो), सच्छिद्रता (थरातल्या पोकळीचा हिस्सा) यांची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो.

माऊसच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिचं श्रेय मोठं आहे. भूजल डोळ्यांना दिसत नाही, आणि शिकणाऱ्याची खरी अडचण तीच असते. चित्रांच्या प्रोग्राममध्ये थरांचा उभा छेद उघडला की चिकणमातीचा थर कुठे निमुळता होत संपतो, वरच्या थराचा तळ चुकून खालच्या थरात घुसला आहे का, नदी भलत्याच थराला जोडली गेली आहे का, हे एका नजरेत कळतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा (यूएसजीएस) मॉडेलम्यूझ हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्यात एक फार शहाणपणाची सोय आहे: नदी तुम्ही रेघ म्हणून काढता, सेल (मॉडेलच्या जाळीतला एक चौकोन) म्हणून नाही. मागाहून ग्रिड, म्हणजे ती जाळी, बारीक केलं तरी ती रेघ नव्या सेलवर आपोआप बसते. थरांची रचना गुंतागुंतीची असेल तर आजही मी पहिला आराखडा असाच काढेन.

नुसता प्रवाह शिकत होतो तोवर माझी काहीच तक्रार नव्हती. निरीक्षण विहिरींतली पातळी आणि मॉडेलचं हेड जुळलं की काम झालं. अडचण प्रदूषकाच्या वहनापाशी सुरू झाली.

माझ्या सरावाच्या एका मॉडेलच्या दोन प्रती होत्या, काही आठवड्यांच्या अंतराने सेव्ह केलेल्या. एकीत स्रोतापासून ४०० मीटरवरच्या विहिरीत प्रदूषकाचा मधला भाग ११ वर्षांनी पोचत होता, दुसरीत जवळपास १४ वर्षांनी. हेड मात्र दोन्हीकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. एकेक खिडकी, एकेक थर उघडून ताडून पाहण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सापडलं: एका प्रतीत सच्छिद्रता ०.२ होती, दुसरीत ०.२५. कधीतरी मीच बदलली होती, आणि कधी, कशासाठी, याची कुठेही नोंद नव्हती. प्रोग्रामचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष त्याचा नव्हता. माऊसने केलेला बदल मागे खूण ठेवत नाही, एवढंच.

इथे जरा थांबतो, कारण माझा कौल इथेच ठरला. स्थिर प्रवाहाच्या समीकरणात सच्छिद्रता येतच नाही. कंडक्टिव्हिटी दिवसाला १० मीटर, उतार ०.००२ आणि सच्छिद्रता ०.२ असेल तर पाणी दिवसाला ०.१ मीटर सरकतं, म्हणजे वर्षाला सुमारे ३६ मीटर. सच्छिद्रता ०.२५ केली की तोच वेग ०.०८ होतो आणि हेड तसूभरही हलत नाही. प्रदूषक वाटेत किती पसरतो ते सांगणाऱ्या डिस्पर्सिव्हिटीचं तसंच, मातीला चिकटून प्रदूषक रेंगाळतो त्या रिटार्डेशनचंही तसंच. म्हणजे वहनात निकाल ठरवणारे नेमके तेच आकडे पातळी जुळवताना चूक दाखवून देत नाहीत. हे आकडे कुठेतरी एकाच जागी, वाचता येतील असे लिहिलेले हवेत. स्क्रिप्टमध्ये ते पहिल्या वीस ओळींत असतात. दोन प्रती शेजारी ठेवल्या की फरकाची ओळ अर्ध्या मिनिटात दिसते, आणि बदलाचं कारण तिथेच टीप म्हणून लिहिता येतं.

स्क्रिप्टचा दुसरा फायदा मला उशिरा कळला. ग्रिड कितपत बारीक हवं हा प्रश्न वहनात फार लवकर येतो, आणि पुस्तकातला नियम वाचून तो मनात ठसत नाही. वरच्याच उदाहरणात डिस्पर्सिव्हिटी ५ मीटर धरा आणि सेल ५० मीटरचे ठेवा. साध्या अपस्ट्रीम पद्धतीने (प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या सेलचा आकडा घेणारी) सोडवलं तर सेलच्या निम्म्याइतकं, म्हणजे २५ मीटरचं खोटं पसरणं गणितातूनच शिरतं. खरं ५, वर खोटं २५. मग स्रोतातल्या कॉन्सन्ट्रेशनच्या (पाण्यातल्या प्रदूषकाच्या प्रमाणाच्या) शेकडा दोन-तीन भाग इतकी पहिली खूण सुमारे ८ वर्षांनी दिसायला हवी ती ५ वर्षांतच विहिरीत दिसते. सेल १० मीटरचे केले तरी खोटं पसरणं खऱ्याइतकंच उरतं. सेंट्रल पद्धत (दोन्ही शेजारी सेलमधला मधला आकडा घेणारी) घेतली आणि सेल डिस्पर्सिव्हिटीच्या दुपटीहून मोठे राहिले, तर कॉन्सन्ट्रेशनचे आकडे डोलायला लागतात, काही ठिकाणी शून्याखालीही जातात. टीव्हीडी ही तिसरी पद्धत दोन्ही दोष बरेच सांभाळून घेते, वेळ मात्र जास्त खाते.

हे सगळं मी स्क्रिप्टमध्ये एका दुपारी पाहिलं: सेल ५०, २५, १० आणि ५ मीटरचे, तीन पद्धती, असे बारा रन एका लूपमध्ये, आणि प्रत्येकाशेजारी ओगाटा-बँक्स यांच्या १९६१ च्या सूत्राची, म्हणजे वहनाच्या अचूक उत्तराची, रेघ. माऊसने हेच बारा वेळा करायचं तर मी तिसऱ्यालाच थांबलो असतो, आणि खोटं पसरणं म्हणजे काय हे फक्त ऐकून माहीत राहिलं असतं.

आता स्क्रिप्टचा त्रास. पायथन येत नसेल तर पहिले काही आठवडे भूजलाऐवजी कंसांशी आणि अॅरेंच्या (आकड्यांच्या तक्त्यांच्या) आकारांशी झुंजण्यात जातात, आणि ते नाउमेद करणारं असतं. फ्लोपाय स्वतः काही सोडवत नाही, फाइल लिहितो आणि वाचतो. मॉडफ्लो वेगळं आणावं लागतं. फ्लोपायमध्ये थर, ओळ, स्तंभ शून्यापासून मोजतात, तर मॉडफ्लोच्या लिस्टिंग फाइलमध्ये (रनचा अहवाल) एकपासून. त्यामुळे ० थर, ४९ ओळ, २० स्तंभ असं लिहिलेली विहीर तिथे १, ५०, २१ म्हणून भेटते. एककांचं तर कोणीच तपासत नाही: कंडक्टिव्हिटी सेकंदात आणि पंपिंग दिवसात दिलं तरी मॉडेल निमूट चालतं. आणि थर एकमेकांत घुसले आहेत का हे पाहायला छेदाचं चित्र तुम्हालाच मागून घ्यावं लागतं. ते मागायची सवय लागेपर्यंत चुका लपून राहतात.

वहनाच्या इंजिनाबद्दल थोडंच सांगतो. एमटी-थ्रीडी-एमएस हा मॉडफ्लोच्या प्रवाहावर वहन सोडवणारा वेगळा प्रोग्राम जुना आणि भरवशाचा आहे, आणि त्यात कणांवर चालणारी पद्धतही मिळते. आज नव्याने शिकायचं तर मी मॉडफ्लो ६ मधलंच वहनाचं मॉडेल घेईन, कारण प्रवाह आणि वहन एकाच चौकटीत, एकाच धाटणीच्या फाइलींत राहतात. फीफ्लोसारखे फायनाइट एलिमेंटवाले (चौकोनी जाळीऐवजी लहानमोठे त्रिकोणी तुकडे पाडणारे) प्रोग्राम घनतेने ओढला जाणारा प्रवाह किंवा वेड्यावाकड्या आकारांसाठी चांगले आहेत, पण पहिल्या शिकण्यासाठी मला ते गरजेचे वाटले नाहीत.

तुमच्यासोबत काम करणाऱ्यांपैकी कोणालाच पायथन वाचता येत नसेल, किंवा महिन्याभरात प्रवाहाचं एकच मॉडेल द्यायचं असेल, तर माऊसची वाट धरा. त्यात काही कमीपणा नाही. वहनात खोल शिरायचं असेल तर मात्र, माझ्यापुरतं सांगतो, स्क्रिप्टला जितक्या लवकर हात घालाल तितकं बरं. मधली वाटही आहे: मॉडफ्लो ६ च्या इनपुट फाइल साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे मॉडेलम्यूझमध्ये थर रेखाटून झालेलं मॉडेल फ्लोपायमध्ये उघडून पुढचं सगळं तिथे करता येतं.

स्क्रिप्टने सुरुवात केलीत तर पहिल्याच दिवशी एक करा. एका थराचं स्थिर प्रवाहाचं छोटं मॉडेल लिहा, त्याला वहन जोडा, सच्छिद्रता ०.२ वरून ०.२५ करा आणि दोन्ही वेळच्या हेडची वजाबाकी छापून पाहा. सगळीकडे शून्य येईल. मग विहिरीतल्या कॉन्सन्ट्रेशनच्या दोन रेघा एकाच कागदावर काढा.