एमजीबीच्या पोटाखाली एक्सप्लोररचा एक्सल: चौदा महिन्यांनंतर

चौदा महिने झाले, गाडी नऊ हजार किलोमीटरच्या आसपास फिरली. मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं धरणारा आणि फिरवणारा भाग, बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात मी लिहायला बसलो होतो. नाही लिहिलं ते बरंच झालं, तेव्हा नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

गाडी ब्रिटनच्या एमजी कंपनीची एमजीबी, 1966 ची, उघडी दोन आसनी. मूळ इंजिन 1798 सीसीचं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) 149 न्यूटन मीटर. माझ्याकडे आली तेव्हाच तिच्यात रोव्हरचं 3.5 लिटरचं व्ही-8 होतं आणि मागे टी-5 हा पाच गिअरचा बॉक्स. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे या छोट्या गाडीला ते जड होत नाही. कंपनीनेही 1973 ते 1976 मध्ये तेच इंजिन घालून 2591 एमजीबी जीटी (बंद छताच्या) व्ही-8 बनवल्या, त्यांचा टॉर्क 262 च्या घरात. माझ्या गाडीत इंजिन बदललं होतं, पण मागचा एक्सल जुनाच राहिला होता: बॅन्जो. मधला गोल डबा त्या वाद्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. त्यात क्राउन-पिनियनचा, म्हणजे इंजिनची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांचा, गट पुढून बाहेर निघतो. 1965 च्या जीटीला सुरुवातीपासूनच जास्त दणकट नळीचा एक्सल होता, उघड्या गाडीला तो नंतर मिळाला. माझी गाडी त्या आधीची.

व्हायचं ते एका चढावर झालं. पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा चटकन सोडला आणि मागून ‘टण्ण’ असा एकच आवाज आला. इंजिन फिरतंय, गिअर पडतोय, गाडी मात्र ढिम्म. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या गटात, एक बाजू सुटली की सगळी ताकद तिकडेच वाहून जाते. खोलल्यावर एक शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) स्प्लाइनपाशी, म्हणजे टोकावरच्या दात्यांपाशी, तुटलेला निघाला, तुटल्या जागी शंखावर असतो तसा पीळ. मात्र चाक जागेवर होतं. या एक्सलमध्ये हबचं बेअरिंग हाउसिंगच्या नळीवर बसतं, शाफ्टने फक्त फिरवायचं, गाडीचा भार त्याच्यावर नसतो. तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

सरळ मार्ग समोर होता: पुढच्या वर्षांतल्या एमजीबीचा नळीचा एक्सल आणि त्यात जीटी व्ही-8 चं 3.07 चं क्राउन-पिनियन (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या 3.07 फेऱ्या). मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. पण माझ्या डोक्यात फोर्डचा 8.8 बसला होता. नाव पडलंय ते क्राउनच्या व्यासावरून, 8.8 इंच. फोर्डच्या एक्सप्लोरर या मोठ्या एसयूव्हीमध्ये येतो त्यात 31 स्प्लाइनचे जाडजूड शाफ्ट असतात, 1995 पासून डिस्क ब्रेक, आणि नशीब असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय. मला मिळाला त्यात होती. ट्रॉलीवरून उतरवताना मिस्त्री म्हणाले, “एवढं धूड या पोरीखाली घालणार तुम्ही?”

धूडच आहे. एमजीबीच्या मानाने तो अवाच्या सवा रुंद, शिवाय पिनियन मध्यापासून एका बाजूला सरकलेला. दोन्ही बाजूंच्या नळ्या कापाव्या लागल्या, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) जुन्या बैठका घासून काढून नव्या वेल्ड कराव्या लागल्या. शाफ्ट आखूड करून पुन्हा स्प्लाइन पाडू असं एका ठिकाणी सांगितलं होतं, पण शाफ्टचा कडकपणा वरच्या कातडीत असतो आणि ती कातडीच कापायची हे काही मला पटलं नाही. नवे बनवून घेतले.

पहिला त्रास इथूनच निघाला. तिसऱ्या महिन्यात गाडी धुताना डाव्या मागच्या डिस्कवर बोटभर तेलाचा ओघळ दिसला. गिअर ऑइलचा तो गंधकी वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. सील बदललं. सहा आठवड्यांत पुन्हा तेच. मग शाफ्ट बाहेर काढून उजेडात धरला. बेअरिंगचे रोलर जिथे फिरतात तिथे एका बाजूला चकचकीत पट्टा आणि त्यात नखाला लागणारी चरी. 8.8 मध्ये बेअरिंगला वेगळी आतली कडी नसते, रोलर थेट शाफ्टवरच पळतात. नळी केसभर जरी वाकडी असली तरी शाफ्टच झिजतो. वेल्डिंग करताना ज्या वर्कशॉपने काम केलं त्यांनी आरपार सरळ दांडा घालून नळी धरली नव्हती, आणि वेल्ड थंड होताना नळी ओढली जाते. दुसऱ्या ठिकाणी हाउसिंग पूर्ण मोकळं करून, दांडा घालून सरळ करवून घेतलं. एक शाफ्ट पुन्हा बनवला. त्यानंतर आजवर डिस्क कोरडी आहे. कोणी हे काम करणार असेल तर वेल्डिंगवाल्याला आधी एकच प्रश्न विचारा: दांडा आहे का? नसेल तर दुसरीकडे जा.

पिनियनच्या कोनाने मला एक महिना झोपू दिलं नाही. ताशी नव्वदच्या पुढे सीटखाली घुमल्यासारखी थरथर यायची. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणारा) दोनदा बॅलन्स केला, काही फरक नाही. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की एक्सल मागे पिळला जातो आणि पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवायचं असतं. माझं उभ्या गाडीतच वर होतं. पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी घातली, थरथर गेली. चार बोटांची पट्टी!

आता खरा फायदा. मी मजबुतीसाठी निघालो होतो, पण रोज जाणवतो तो रेशो. जुना 3.909, नवा 3.55. टी-5 चा पहिला गिअर 3.35 चा. जुन्या एक्सलबरोबर त्यांचा गुणाकार 13 च्या वर जायचा, म्हणजे पहिला गिअर टाकला की लगेच दुसरा. व्ही-8 ला एवढ्या गिअरिंगची गरजच नाही. शाफ्ट तुटण्यात त्याचाही हात असणारच. आता गुणाकार 12 च्या जरा खाली आहे आणि पहिला गिअर गिअरसारखा वाटतो. पाचव्यात, 0.68 वर, ताशी 100 ला इंजिन 2100 च्या आसपास फिरतं. मूळ गाडीचं चौथ्या गिअरमध्ये त्याच वेगाला 3400 च्या वर जायचं. छत उघडं ठेवून शेजारच्याशी बोलता येतं, यापेक्षा मोठी सुधारणा या गाडीत मी केलेली नाही. 3.08 चा मिळाला असता तर आणखी आवडला असता.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, हे लक्षात ठेवा. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते. माझा काटा 91 दाखवायचा तेव्हा गाडी 100 वर असायची, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. टी-5 मध्ये केबलचा छोटा प्लास्टिकचा गिअर बदलता येतो, काम अर्ध्या तासाचं. मी ते चार महिने लांबवलं.

ब्रेकचं वेगळं प्रकरण. एक्सप्लोरर केवढी गाडी, आणि तिचे मागचे डिस्क या हलक्या गाडीला. मोकळ्या जागेत ओल्या जमिनीवर पहिल्यांदा जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम झाली आणि गाडी अर्धी फिरली. मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह टाकून, पुढची चाकं आधी जाम होईपर्यंत तो फिरवत बसलो. हे केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. हँडब्रेक मात्र छान आहे. डिस्कच्या आत छोटा ड्रम असतो, तो चढावर गाडी धरून ठेवतो.

आणि माझा स्वतःचा गाढवपणा. एमजीबीच्या चाकाला चार बोल्ट, एक्सप्लोररच्या चाकाला पाच. गंमत म्हणजे दोन्हींच्या भोकांचं वर्तुळ एकच, साडेचार इंचाचं. शाफ्ट नवेच बनवत होतो, फ्लँजला (चाक बसतं त्या चकतीला) चार भोकं पाडा एवढं एक वाक्य सांगायचं होतं. नाही सुचलं. मागे पाच बोल्टांची चाकं लावली, डिकीत स्टेपनी पाच बोल्टांची, आणि सातव्या महिन्यात पंक्चर झालं ते पुढचं. रस्त्याच्या कडेला स्टेपनी हबवर टेकवून मी भोकं मोजत उभा होतो, जणू मोजल्याने एक कमी होणार होतं. आता सीटमागे चार बोल्टांचं दुसरं चाक असतं आणि सामान मांडीवर.

लिमिटेड स्लिपबद्दल थोडक्यात: ओल्यात निघताना मदत होते, वळणातून बाहेर पडताना मजा येते. सुरुवातीला पार्किंगमध्ये चाकं पूर्ण वळवली की मागून कुत्र्यासारखी गुरगुर यायची. लिमिटेड स्लिपमधल्या क्लचच्या चकत्या तेलात चिकटत-सुटत होत्या. फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं द्रव्य, तेलात घालायचा राहून गेला होता. चार औंस घातल्यावर दोन-तीन दिवसांत आवाज गेला.

खड्ड्यांत गाडी बदलली आहे, आणि चांगल्या दिशेने नाही. स्प्रिंगखालचं वजन वाढलं की छोट्या उंचवट्यावरसुद्धा मागचं टोक उशिरा खाली बसतं. जुने लिव्हरचे शॉकॲब्सॉर्बर त्या वजनाला पुरतच नव्हते, टेलिस्कोपिक लावल्यावर बरं झालं. तरीही वळणात खड्डा आला की मागची चाकं अर्धा पाऊल बाजूला टाकतात. पूर्वी असं होत नव्हतं.

आता ती चाकाची गोष्ट. 8.8 मध्ये शाफ्टचं आतलं टोक इंग्रजी सी अक्षरासारख्या एका क्लिपने अडकवलेलं असतं, शाफ्टला धरून ठेवणारं मुख्य तेवढंच. शाफ्ट मध्येच तुटला तर उरलेला तुकडा चाकासकट बाहेर यायला मोकळा. डिस्कवरचा कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) थोडं अडवेल, पण मी त्यावर विसंबणार नाही. म्हणजे जुना कमकुवत एक्सल तुटला तर चाक जागेवर राहायचं, नवा मजबूत सहसा तुटणार नाही, पण तुटलाच तर चाकच जाईल. क्लिपऐवजी बाहेरच्या टोकाला शाफ्ट धरून ठेवणारे किट मिळतात. ते माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

पुन्हा करेन का? इंजिन मूळचं असेल तर प्रश्नच नाही, बॅन्जोचे थ्रस्ट वॉशर बदला, खडखड जाईल, गाडी चालवा. व्ही-8 असेल आणि तुम्ही सुटल्या सुटल्या क्लच आपटणारे नसाल, तर मिस्त्रींचं ऐका, तो 3.07 चा मार्ग घ्या. मी ऐकलं असतं तर वजन, पाच बोल्ट आणि वेल्डिंग, तिन्ही टळलं असतं. टर्बो वगैरे बेत असेल तर 8.8 ला तोड नाही.

गेल्या आठवड्यात तेल बदललं. याला खाली ड्रेन प्लग नाही, मागचं अख्खं कव्हर काढावं लागतं, सगळं तेल एकदम कोपरापर्यंत येतं. तळाला मी एक लोहचुंबक ठेवलाय. त्यावर राखाडी मलम होतं, बोटाने पुसून चोळून बघितलं, कणी एकही नाही. दातांवर घासल्याच्या खुणा मधोमध. डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजला, 0.25 मिलिमीटर, बसवला तेव्हा होता तेवढाच. कव्हर लावलं, नवं तेल भरलं, आणि या वेळी चार औंस आठवणीने घातले.