डेबहेल्परचं ‘डीएच’: तीन ओळींच्या आत काय चाललंय?

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज (इन्स्टॉल करता येईल असा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बांधायला मी शिकले ती जुन्या वळणाची रूल्स फाइल, म्हणजे ते कसं बांधायचं हे सांगणारी फाइल, वाचून. एकीखाली एक पानभर कमांड. लांबलचक, पण सगळं डोळ्यांसमोर. त्यामुळे ‘डीएच’ची तीन ओळींची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा घाबरलेच. डेबहेल्पर म्हणजे पॅकेज बांधायच्या कमांडचा संच. २००८ मध्ये त्याच्या ७ क्रमांकाच्या आवृत्तीबरोबर, त्या कमांड ओळीने चालवणारं हे ‘डीएच’ आलं आणि नेहमीचा सगळा मजकूर त्याने पोटात घेतला. आता बदल करायचा तर हात कुठे घालायचा?

वाट सापडली ती ‘नो-अ‍ॅक्ट’ या पर्यायामुळे. ‘डीएच बायनरी’ला तो जोडला की काहीही न चालवता पूर्ण क्रम छापून येतो: कॉन्फिगर, बिल्ड, टेस्ट, इन्स्टॉल, अगदी डेब फाइल, म्हणजे पुरं झालेलं पॅकेज, तयार होईपर्यंत. मी तो वहीत उतरवून घेतला आणि रोज दोन-तीन मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीची पानं, वाचली. एखादी पायरी आपल्या पद्धतीने हवी असेल तर तिच्या नावाआधी ‘ओव्हरराइड’ लावून तेवढीच लिहायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. नवख्या माणसाला हे झेपतं.

‘डीएच-मिसिंग’ मला फार मोलाचं वाटतं. इन्स्टॉल झालेली एखादी फाइल कुठल्याच पॅकेजमध्ये गेली नाही, तर पूर्वी कोणी काही बोलत नसे. कॉम्पॅट (डेबहेल्परने कसं वागायचं ते ठरवणारी पातळी) १२ पासून तिचं नाव छापून येतं, १३ पासून बिल्डच थांबतं. शिकणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळते.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. पॅकेजची माहिती असते त्या कंट्रोल फाइलमध्ये बिल्ड-डिपेंड्सखाली, म्हणजे बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, ‘डीएच-सीक्वेन्स-पायथन३’ लिहिलं, की तेवढ्याने पायथनच्या पायऱ्या जोडणारं ते अ‍ॅडऑन चालू होतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलीने विचारलं, “ताई, ही पायथनची पायरी आली कुठून? रूल्समध्ये तर काहीच नाही.” खरंच नव्हतं. पूर्वी ‘विथ पायथन३’ असं रूल्समध्येच दिसायचं. लिहायला एक शब्द जास्त, पण शोधाशोध नाही. मी अजूनही तसंच लिहिते.

‘नो-अ‍ॅक्ट’च्या यादीत ती पायरी दिसते, पण कोणामुळे आली ते दिसत नाही. प्रत्येक कमांडपुढे ‘मूळची’, ‘अ‍ॅडऑनची’ की ‘ओव्हरराइड केलेली’ एवढं छापलं असतं, तर तिला मला विचारावंच लागलं नसतं.