शिक्षकांसाठीची 'मुलं अशी का वागतात' कार्यशाळा (५ पैकी ४ स्टार)

दोन महिन्यांपूर्वी ही दोन दिवसांची कार्यशाळा केली, फी जेवणासकट ८०० रुपये, स्वतःच्या खिशातून भरली आणि वसूल झाली. मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेत चौथीचा वर्ग घेतो.

पहिल्याच तासाला मॅडमनी वर्गातलं सगळ्यात त्रास देणारं पोरगं आठवायला लावलं आणि ते असं का वागतं ते चिठ्ठीवर लिहा म्हणाल्या. तीसेक चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या. घरचं वातावरण, बाप दारू पितो, पालक लक्ष देत नाहीत, मोबाईल, मुळातच तसा. पाठ समजत नाही म्हणून किंवा आम्ही सगळ्यांसमोर बोलतो म्हणून, असं एकाही चिठ्ठीवर नव्हतं, माझ्याही नाही. मला खरंच वाईट वाटलं. मॅडम चिडल्या नाहीत, एवढंच विचारलं की घर तर तुमच्या हातात नाही, मग उद्या वर्गात काय करणार?

मग बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाचा मुद्दा सांगितला, की पोरगं मुद्दाम करतंय वाटलं की आपल्याला राग येतो आणि त्याला जमतच नाहीये वाटलं की मदत करावीशी वाटते. म्हणजे कारण काय धरतो त्यावर आपलं वागणं ठरतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वहीत तीन रकाने: आधी काय झालं, पोराने काय केलं, नंतर काय झालं. परत आल्यावर मी दोन आठवडे लिहिलं तर माझ्या वर्गातल्या एकाची मारामारी जवळजवळ प्रत्येक वेळी प्रकट वाचनाच्या आधी, आणि नंतर मी त्याला बाहेर उभं करायचो, म्हणजे वाचन टळलंच की! त्याला जोडाक्षरं येत नव्हती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरगं सोबत, दरवर्षी चार-पाच महिने शाळा बुडते. आता त्याला दुपारी वेगळं बसवून वाचून घेतो, मारामारी बरीच कमी झालीय.

एक स्टार कापला कारण उदाहरणं सगळी शहरातल्या शाळांची, स्थलांतरित मुलांवर एक शब्द नाही. अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकायलाच अडचण येणं) अर्ध्या तासात उरकली, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती आहे हे सांगितलं पण खेड्यातल्या पोराची तपासणी, सर्टिफिकेट कुठे करायचं ते विचारलं तर वेळ संपला म्हणाले. हे बदलायलाच पाहिजे.

पुढची बॅच कधी ते विचारून ठेवलंय, आमच्या केंद्रातले (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले) अजून तिघं शिक्षक यायला तयार आहेत.