५७४४ की २४००? शिशाच्या गोळीसाठी दारू निवडताना

साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या रायफलमधून मारायच्या म्हटलं की फिरून फिरून बंदुकीच्या दारूचे दोन डबे समोर येतात: ५७४४ आणि २४००. (हे सगळं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे.) ट्रेल बॉस नावाच्या आणखी एका दारूचे मेदूवड्यासारखे भोकाचे दाणे मला फार आवडायचे. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, सहज भरायची, चुकून दुप्पट माप पडलं तर दारू सांडून कळायचं. पण ती अलीकडे मिळणंच मुश्कील झालंय. युनिक नावाची दारूही चालते, फक्त तिचं माप इतकं लहान की मोठ्या पुंगळीच्या तळाशी ते शोधावं लागतं.

माझी रायफल .३०-३० काडतुसाची, १८९४ च्या ब्राउनिंगच्या आराखड्याची लिव्हर ॲक्शन, म्हणजे खालची लिव्हर ओढून पुढचं काडतूस चढवायची. गोळी १७० ग्रेनच्या (सुमारे ११ ग्रॅम) आसपास, बुडाला तांब्याची वाटी, म्हणजे गॅस चेक. गोळीचा मिश्रधातू लायमन नंबर २: ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी.

आधी एक सांगून टाकतो. ‘स्वच्छ जळणारी दारू’ शोधताना आपण बऱ्याचदा भलत्यालाच दोष देतो. नळीतला काळा चिकटा पुष्कळदा गोळीला लावलेल्या मेणाचा असतो. पुंगळीच्या गळ्यावर काजळी आली, तर दाब कमी पडला आणि पितळ फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, नीट चिकटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तीच दारू जरा जास्त दाबावर कितीतरी स्वच्छ जळते.

५७४४ चा मोठा गुण असा की अर्ध्या रिकाम्या पुंगळीत ती पुढे सरकली काय, मागे राहिली काय, तिला फारसा फरक पडत नाही. .४५-७० सारख्या ऐसपैस पुंगळीत हे फार मोलाचं. मलाही कागदावरच्या छिद्रांचे गट तिनेच किंचित लहान दिले. किंचितच, तो वारा असेल, नाहीतर त्या दिवशी चहा चांगला झाला असेल.

पण हलक्या मापात तिचे काही दाणे जळतच नाहीत. ही तिची ख्याती जुनीच आहे, मीही ती वाचून सोडून दिली होती. चार दाण्यांचं काय एवढं! बोल्ट रायफलवाल्याला खरंच काही नाही, तो नळीमागचा बोल्ट काढून मागून साफसफाईचा गज घालतो. माझ्या रायफलची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, आणि गज आत गेला की ते दाणे सरळ यंत्रात पडतात. दोन-तीन वेळा रेंजवर जाऊन आलो आणि लिव्हर ओढताना कुरकुर जाणवू लागली, निवडायचा राहिलेल्या तांदळात दाताखाली खडा यावा तशी. या जातीची रायफल एकदा तरी पूर्ण उघडलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल: उघडायला अर्धा तास, आणि परत जोडायला अख्खा रविवार. घरी पुंगळीतली, दारू पेटवणारी टोपी काढताना काडतूस भरायच्या प्रेसवर दाणे सांडायचे ते वेगळंच.

२४०० जुनी, गेल्या शतकातल्या तिशीच्या दशकातली. दारू मोजायच्या मापकातून पाण्यासारखी पडते. फार हलक्या मापात तीही दाणे मागे सोडते, नाही असं नाही. पण माझ्या नेहमीच्या मापाला गजाबरोबर फक्त राखाडी चिंधी बाहेर येते. तिची भीती दुसरीच. .३०-३० मध्ये तिचं दुप्पट माप पडलं तरी पुंगळी ओसंडत नाही, आणि ते रायफलच्या आणि तुमच्याही जिवावर बेतू शकतं. म्हणून गोळी बसवण्याआधी मी सगळ्या पुंगळ्या फळीवर मांडून बॅटरीने आत बघतो. कंटाळा आला तर त्या दिवशी भरतच नाही. मापाचे आकडे मुद्दामच देत नाही. ते छापील पुस्तकातून घ्या, किमान मापापासून सुरुवात करा.

तुमच्याकडे बोल्ट रायफल किंवा .४५-७० असेल तर ५७४४ ला नाही म्हणू नका. कदाचित मीही म्हटलं नसतं. लिव्हर ॲक्शन असेल तर माझ्या मते २४०० चा डबा घ्या आणि सोबत एक चांगली बॅटरी. माझा ५७४४ चा उरलेला अर्धा डबा .४५-७० वाल्या मित्राने नेला, तो खूश आहे.