चिखलणी, पेरीव की विनानांगरणी? धानाच्या बांधीतल्या कोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर

नागपूर जिल्ह्यात मौदा, रामटेक, कुहीकडे मृग जवळ आला की तोच विचार सुरू होतो. यंदाही चिखल करून रोवणी करायची, कोरड्यात पेरायचं, की नांगर न लावताच धान घ्यायचं? मजुरी, डिझेल, पेंच धरणाचं पाणी यांचा हिशेब सगळेच करतात. मातीतल्या जिवांचा हिशेब राहून जातो, म्हणून इथे तोच आधी धरला आहे.

कोळी म्हटलं की पिकावरची कीड आठवते. मातीतले कोळी (इंग्रजीत माइट्स, जाळं विणणारे कोळी नव्हेत) वेगळे. आठ पाय, आकार बहुधा एक मिलिमीटरहून कमी, आणि मुक्काम मुख्यतः वरच्या 5 ते 10 सेंटिमीटर थरात. त्यातले कवचवाले कोळी कुजका पाला आणि बुरशी खातात, तणसाचे (धानाच्या काडाचे) बारीक तुकडे करून जिवाणूंचं काम हलकं करतात. शिकारी कोळी सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) आणि बारीक अळ्यांवर जगतात. या कोळ्यांना गांडुळासारखं बीळ पाडता येत नाही. मातीत आधीच असलेल्या पोकळ्यांतूनच ते फिरतात, आणि मशागतीचा खरा परिणाम या पोकळ्यांवरच होतो.

चिखलणीचा हेतूच पोकळ्या बुजवण्याचा असतो. केजव्हील (ट्रॅक्टरचं चिखलणीचं लोखंडी चाक) फिरलं की पाणी झिरपणं खूप कमी होतं, तण दबतं, पऱ्हे (धानाची रोपं) सहज रोवले जातात. धानासाठी हे सोयीचंच आहे. पण वर पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते. काही जाती पाण्यात तग धरतात, बाकीच्या मरतात किंवा धुऱ्यावर (बांधावर) वाचतात. पाणी उतरल्यावर बारीक, भराभर वाढणारे कोळी लवकर परततात. कवचवाल्यांची पिढी सावकाश वाढते, त्यामुळे एका हंगामात त्यांची भरपाई होत नाही. नुसती संख्या मोजली तर बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) सावरल्यासारखी वाटेल, पण तणस कुजवणारे त्यात थोडेच असतील.

पेरीव धानात चिखल नाही, त्यामुळे पोकळ्या बऱ्याच शाबूत राहतात. मात्र पेरणीआधी रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्या घातल्या तर हा फायदा हातचा जातो. वरचा थर भुगा होतो, तणस गाडलं जातं, माती उघडी पडून वाळते. पेरायचंच असेल तर वखरावर भागवा.

कोळ्यांसाठी विनानांगरणी सर्वांत चांगली, यात मला शंका नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र याच वाटेचं: गादीवाफे एकदा करायचे, नंतर नांगरणी, चिखलणी, रोवणी काहीच नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. मुळं कुजली की त्यांच्या जागी वाटा तयार होतात, वर तणसाची सावली असते. अडचणीही खऱ्या आहेत. सुरुवातीची वर्षं तण फार त्रास देतं आणि तणनाशकावर भर येतो. खोडकिडीच्या अळ्या धसकटात राहतात. मागच्या हंगामात खोडकिडीमुळे पडणाऱ्या पांढऱ्या लोंब्या जास्त दिसल्या असतील तर त्या बांधीत ही सुरुवात नको.

आपल्याकडची उतेरा पद्धत या चर्चेत यायलाच हवी. उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकायचं, कापणीनंतर नांगर लावायचाच नाही. म्हणजे पावसाळ्यात चिखल झालेल्या बांधीलाही हिवाळाभर न ढवळलेली, झाकलेली माती मिळते. तेच धान कापून हरभऱ्यासाठी लगेच रोटाव्हेटर घातला, तर कोळ्यांना एकाच वर्षात दोनदा मार बसतो.

म्हणून कालव्याच्या पाण्याखालच्या भारी, खोलगट बांधीत चिखलणी सोडण्याची घाई नको. पाळ्या कमी करा, रब्बीत उतेरा ठेवा, धुरे जाळू नका. उंचावरच्या, पाणी न थांबणाऱ्या बांधीत मात्र एक तुकडा विनानांगरणीला द्यावा.

फरक डोळ्यांनी पाहता येतो. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरा, आत मच्छरदाणीचा तुकडा आणि त्यावर ढेकूळ न फोडता ओलसर माती ठेवा. वर जुना पिवळा बल्ब लावा. एलईडीची ऊब पुरत नाही. खाली थोडं स्पिरिट असलेली वाटी ठेवा. माती वरून वाळत जाते तसे कोळी खाली सरकत वाटीत पडतात. चार-पाच दिवसांनी भिंगाखाली तपकिरी, चकचकीत, मोहरीहून कितीतरी लहान गोल ठिपके दिसले तर ते बहुधा कवचवाले. धुऱ्याची माती आणि बांधीच्या मधली माती वेगवेगळी लावा, आणि दोन्ही नमुने उतेऱ्याच्या दिवसांत घ्या. पाणी उभं असताना हा नमुना नीट निघत नाही.