द्राक्षातला मिलीबग: औषध मारावं की क्रिप्टोलेमस हा मित्रकीटक सोडावा?

निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही जुन्या बागेत जा आणि ओलांड्याची (वेलीच्या आडव्या जुन्या फांदीची) सुटलेली साल नखाने उचकटून बघा. आत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर ती मिलीबगची, म्हणजे रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाची अंडी. एकेका पुंजक्यात शेकड्यांनी असतात. घडात शिरेपर्यंत थांबलात तर मण्यांवर चिकटा (किडीच्या अंगातून गळणारा गोड चिकट द्रव), चिकट्यावर काळी बुरशी, आणि मग तो माल व्यापारी हातात धरत नाही.

औषधाची बाजू वेगाची. बाग मोठी, प्रादुर्भाव सगळीकडे, मजूर कमी, अशा वेळी दुसरं काही तितक्या लवकर पोहोचत नाही. पण औषध पोहोचतं कुठे, हे बघितलंच पाहिजे. ब्युप्रोफेझिन पिल्लांची कात अडवतं. मेण चढलेली मोठी मादी त्याने मरत नाही. म्हणून पिल्लं बाहेर फिरत असतानाच ते मारावं. इमिडाक्लोप्रिडची आळवणी (बुडाशी ओतलेलं द्रावण) मुळांतून वर चढते, सालीखालच्या किडीलाही गाठते, पण पांढरी मुळी चालू असेल आणि जमिनीत वाफसा असेल तरच. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्व कालावधी (शेवटचं औषध आणि काढणी यांतले दिवस) काटेकोर पाळा. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच चालतं.

क्रिप्टोलेमस हा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा (लेडीबर्ड भुंगा), 1898 मध्ये आपल्याकडे आणलेला. घडांजवळ औषध बंद झाल्यावर हाच कामाला येतो. वेलीमागे साधारण दहा सोडतात. प्रौढ आणि अळी दोघंही मिलीबग खातात. मात्र निफाडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो मंदावतो आणि जहाल कीटकनाशकाच्या एका फवाऱ्यात संपतो. आज भुंगे सोडून परवा फवारणीचा ब्लोअर फिरवायचा असेल, तर पैसे वाया घालवू नका.

आमच्या बागेत एकदा वेगळाच घोळ झाला. क्रिप्टोलेमसची अळीही अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे मिरवते. बायकांनी तिलाच मिलीबग समजून फडक्याने पुसून काढलं. ओळख सोपी आहे: अळी मिलीबगपेक्षा मोठी, धागे लांब, आणि बोट लावलं की भराभर पळते. मिलीबग जागचा फारसा हलत नाही.

माझं मत विचाराल तर प्रादुर्भाव ठिकठिकाणी, थोड्या वेलींवर असेल आणि माल निर्यातीचा असेल, तर क्रिप्टोलेमस. सगळी बाग भरली असेल तर छाटणीनंतर लवकर, घड यायच्या आधी औषध, आणि पुढे मित्रकीटक. दोन्हीच्या आधी छाटणीवेळी सुटी साल काढून बागेबाहेर जाळायची. त्यात मजुरी जाते, पण ती टाळून घेतलेलं महागडं औषधही सालीवरूनच ओघळून जातं.

आणि मुंग्या बघा. चिकट्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. खोडावर त्यांची रांग चढत असेल, तर भुंग्यांची डबी उघडण्याआधी वारुळांचा बंदोबस्त करा.